पान तीनवरची आमची गल्ली

आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, उभ्या आयुष्यात कुणावर हात उचलला नाही. माझ्यावरही नाही. घरात पाल दिसली तर ते खुर्चीवर पाय घेऊन बसायचे आणि आईला हाक मारायचे. पण नांदेडात कुठं चाकू निघाला, कुठं दगड भिरकावला गेला, कुठं कुणी कुणाची कॉलर धरली, की ते कागदावर उतरायचं दादांच्याच हातून. शहरातून निघणाऱ्या एका छोट्या सायंदैनिकात ते गुन्ह्यांचं पान लिहायचे. पेपर कधीचाच बंद पडला, मालकही गेले. आता नाव सांगण्यात काही अर्थ नाही. चार पानांचा पेपर. पहिल्या पानावर पुढारी, दुसऱ्यावर जाहिराती आणि राशिभविष्य, चौथ्यावर बाजारभाव आणि क्रिकेट. तिसरं पान दादांचं. पेपर विकला जातो तो तिसऱ्या पानामुळं, हे दादाच सांगायचे, आणि सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान असायचा की थकवा, हे मला तेव्हा कळायचं नाही. आजही नीट सांगता येणार नाही.

गल्ली आमची देगलूर नाक्याच्या अंगाला. कागदोपत्री तिचं नाव काहीही असो, लोक तिला पेटीवाली गल्ली म्हणायचे, कारण तिथं पत्र्याचं काम करणारी घरं होती. लग्नात द्यायच्या पेट्या, धान्याच्या कोठ्या, आणि ऊन तापायला लागलं की कूलर. सकाळी आत आईच्या भाकरी थापण्याचा आवाज आणि बाहेर पत्र्यावर लाकडी हातोड्याचा आवाज असे दोन्ही एकदमच सुरू व्हायचे, आणि लहानपणी मला वाटायचं की एकाला थांबवलं तर दुसराही थांबेल. जरा उन्हं वर आली की दादा टेबलाशी बसायचे. त्यांच्या कामामुळं आमच्याकडं फोन होता, गल्लीतला पहिला. जेवण झालं की ते ऑफिसला फोन लावून बातमी तोंडी सांगायचे, पलीकडं कुणीतरी ती उतरवून घ्यायचं. त्यामुळं शहरातले सगळे गुन्हे आमच्या घरात वरणभाताच्या वासात घडायचे. मथळा ठरवताना दादांना आईचा सल्ला लागायचा.

"हाणामारी म्हणू का राडा?"

"जे झालं ते म्हणा की," आई तव्यावरून मान न वळवता म्हणायची.

"जे झालं ते कोण वाचून राहिलंय?"

एखाद्या दिवशी पोलीस ठाण्यातून काहीच हाती लागायचं नाही. मग दादा रिसीव्हर ठेवून म्हणायचे, "आज शहर मेलेलं हाय." म्हणजे त्या दिवशी कुणी मेलेलं नसायचं. अशा दिवशी जुना चोर नव्यानं पकडला जायचा, दोन सायकलवाल्यांच्या धडकेची 'थरारक घटना' व्हायची, आणि नळावरच्या भांडणातल्या बायका 'दोन गट' व्हायच्या. मी हसायचे. हे लेखन आहे, असं मला वाटायचं. त्याच शहरात मी क्लासवरून अंधार पडल्यावर एकटी चालत यायचे, आई घराची किल्ली समोरच्या चाचींकडं टाकून माहेरी जायची, आणि उन्हाळ्यात अख्खी गल्ली दारं सताड उघडी टाकून गच्चीवर झोपायची. या दोन शहरांची माझ्या डोक्यात कधी गाठ पडली नाही. एक जगायचं, एक वाचायचं.

समोरचं घर खाजामियाँ चाचांचं. ते, रझियाचाची, मुलगा यूसुफ आणि मुलगी शमीम. शमीम माझ्याहून थोडी मोठी, म्हणून मी तिला आपा म्हणायचे. केस विंचरायला, परीक्षेच्या आधी भीती घालवायला, आणि आईचा मार चुकवायला मी तिच्याकडं पळायचे. चाचींनी तहरी, म्हणजे त्यांच्याकडचा मसालेभात, केली की ताटलीवर ताटली झाकून आमच्याकडं यायची. ती ताटली रिकामी परत करायची नाही हा आईचा नेम, त्यामुळं तिच्यातून कधी धपाटे जायचे, कधी शेंगदाण्याची चटणी. वर्षानुवर्षं ती ताटली गल्ली ओलांडत होती, आणि ती मुळात कुणाच्या घरची, हे दोन्ही घरं विसरून गेली होती.

अकरावीला दादांनी मला लातूरला ठेवलं. तेव्हा हुशार म्हणवणाऱ्या प्रत्येक मुलीला लातूरला ठेवायचे. गंजगोलाईपासून जरा आत एका घरात आम्ही काही मुली राहायचो. घरमालकीण मावशी पाण्याच्या बाबतीत कडक आणि बाकी सगळ्यात प्रेमळ. त्यांचा भाऊ नांदेडच्या बसवर कंडक्टर होता, आणि तो येताना आदल्या संध्याकाळचा आमचा पेपर घेऊन यायचा. ते पान माझे वडील लिहितात हे कळल्यावर मावशींना कोण आनंद झाला. रात्री ताटं वाढली की त्या चष्मा लावून तिसरं पान मोठ्यानं वाचायच्या.

"संजे, तुझ्या दादाची लेखणी लई चालते बघ. अंगावर काटा येतो." आणि माझ्या ताटात एक भाकरी जास्त पडायची.

किल्लारीकडची एक मुलगी होती. तिनं एकदा भीत भीत विचारलं, "तू तिथं राहतीस तरी कशी गं?" मी म्हणाले, आमच्याकडं काही नसतं तसलं. ती पेपरकडं बघत राहिली. बाकीच्याही बघत राहिल्या. छापलेलं एका बाजूला, मी एका बाजूला. पुढं पुढं क्लासमध्ये कुणी गाव विचारलं की मी 'लोहा' म्हणायला लागले. लोह्यात माझं कुणीही नव्हतं, नांदेडच्या बसच्या वाटेवर लागतं एवढंच. पण लोहा म्हटलं की कुणी मागं सरकत नसे.

परवा माझ्या भाचीचा पुण्याहून फोन आला. खोली बघायला गेली होती. घरमालकानं गाव विचारलं, आणि नांदेड ऐकल्यावर हसत म्हणाला, "तिकडं गावठी कट्टे भाजीसारखे मिळतात म्हणे." भाची चिडली होती. हल्ली पेपर लागत नाही, मोबाईलवर दिवसभर येत राहतं. पण भाषा मला ओळखीची वाटते. थरार, राडा, दहशत. मी तिला म्हणाले, लोकांना काय कळतंय, तू लक्ष देऊ नको. यापेक्षा जास्त मला बोलवेना. ज्या पानानं हे नाव घडवायला हातभार लावला, त्याच पानावर माझी फी भरली गेली, हे फोनवर कसं सांगायचं?

मी लातूरला शिकत असतानाच शमीमआपाचं लग्न ठरलं, तेही तिथंच, गोलाईजवळ बेकरी असलेल्या घरात. मुलाचं नाव अन्वर. अबोल, कामसू. त्याचे वडील लहानपणीच वारलेले, त्यामुळं घरात शब्द चालायचा तो त्याच्या मोठ्या काकांचा. त्यांना सगळे बडे अब्बा म्हणायचे. अन्वरच्या आईला मी खाला म्हणायला लागले. मी लातूरला असल्यामुळं दोन्ही घरांतलं येणंजाणं माझ्या पिशवीतून सुरू झालं. चाची इकडून लोणचं, भरतकाम केलेला रुमाल असं काही द्यायच्या; खाला तिकडून गरम खारी बांधून द्यायच्या. ती बसमध्ये अहमदपूर येईपर्यंत अर्धी मी खाल्लेली असायची. मी नांदेडची, हे लातुरात फक्त त्या बेकरीत आनंदानं ऐकलं जायचं.

उन्हाळ्याच्या तोंडाला परीक्षा संपवून मी दोन दिवस घरी आले होते. परत निघायच्या दिवशी सकाळी समोर आवाज चढले. मी खिडकीत गेले. एक गिऱ्हाईक चाचांकडून नेलेला कूलर हातगाडीवर घालून परत घेऊन आलं होतं. कूलर गळत होता, घरात पाणीच पाणी झालं, पाहुण्यांत इज्जत गेली, असं तो माणूस ओरडत होता. यूसुफ पत्रा कापत बसला होता, तो हातात कातर तशीच घेऊन उठला. त्या माणसाबरोबरच्या पोरानं त्याला ढकललं, यूसुफनं त्याला ढकललं, आणि ते पोर कापलेल्या पत्र्यावर हात टेकून पडलं. तळहाताला चिरलं. रक्त बघून भांडण थांबलं. चाचींनी हळद आणली, चाचांनी त्या पोराला स्वतः सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं, आणि परत आल्यावर यूसुफ आणि ते पोर एकाच बाजेवर बसून चहा प्यायले. कूलरचं भोक चाचांनी तिथंच डाख देऊन बुजवलं.

दादा तेव्हा जेवत होते. "काय झालं गं?" त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं.

"कूलर गळतोय म्हणून भांडण झालं. एकाला पत्रा लागला. आता चहा पिऊन राहिलेत."

"हं," दादा म्हणाले, आणि त्यांनी आईकडं वरण मागितलं.

दुपारच्या बसनं मी निघाले. चाचींनी हातावर वळलेल्या शेवयांची पिशवी दिली, आपानं हळूच विचारलं, "वो कुछ बोलते क्या मेरे बारे में?" आणि उत्तराची वाट न बघता आत पळाली.

दुसऱ्या दिवशी रात्री लातूरला मावशींनी चष्मा लावला. "बाई गं, आज तर कहर हाय," त्या म्हणाल्या, आणि वाचायला लागल्या. देगलूर नाका परिसरात भरदिवसा सशस्त्र राडा. दोन गट भिडले. धारदार शस्त्रानं वार. तरुण रक्तबंबाळ. परिसरात दहशतीचं वातावरण. मी घास चावत ऐकत होते. मला वाटलं, मी निघाल्यावर काहीतरी भयंकर झालं असणार. घरी फोन करायला हवा. मग मावशींनी पुढचं वाक्य वाचलं. पेट्या आणि कूलर बनवणाऱ्या एका कारागिराच्या मुलानं पत्रा कापायच्या कातरीनं हल्ला चढवल्याचं समजतं. दहशतीचं वातावरण म्हणे, आणि तिथं यूसुफ आणि ते पोर एका बाजेवर चहा पीत होते. दादांना समजलं होतं ते माझ्याकडून, आणि मी त्यांना काय सांगितलं होतं ते मला शब्दन् शब्द आठवत होतं.

"कसं रंगवून लिहितो बघ," मावशी म्हणाल्या. माझ्या ताटात त्यांनी भाकरी टाकली. मी ताट ठेवून मोरीत गेले आणि नळाला पाणी नसताना उगाच हात धूत उभी राहिले.

रविवारी शेवया घेऊन बेकरीत गेले. गल्ल्यावर बडे अब्बा होते, अन्वर तराजूपाशी, खाला आतल्या दारात. नेहमी पिशवी घ्यायला त्या पुढं यायच्या. त्या दिवशी आल्या नाहीत. बडे अब्बांनी गल्ल्याखालून घडी घातलेला पेपर काढून माझ्यासमोर ठेवला.

"बेटी, तू त्याच गल्लीतली. हे खरं का खोटं?"

"खोटं हाय, बडे अब्बा. मी खिडकीतून बघितलं. कूलर गळत होता, ढकलाढकली झाली, त्या पोराला पत्रा लागला. यूसुफभाईनं कातर उगारली सुद्धा न्हाई."

"मग पेपरवाला असं कशाला लिहील? त्याची काय दुश्मनी हाय त्यांच्यासंग?"

"दुश्मनी न्हाई."

"मग?"

मला गप्प बसता आलं असतं. लिहिणाऱ्याचं नाव छापलेलं नव्हतं. पण अन्वर तराजूचं पारडं धरून तसाच उभा होता, आणि त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघितलं.

"ते माझ्या दादांनी लिहिलंय," मी म्हणाले. "त्यांना खरं ठाऊक होतं. मीच सांगितलं होतं."

दुकानात पाव घ्यायला आलेली माणसं होती. वडिलांना चारचौघांत खोटं ठरवल्यावर काय वाटतं, ते मला त्या क्षणी कळलं. पण मला वाटलं, एवढं बोलल्यावर तरी मिटेल. बडे अब्बांनी पेपरची घडी परत नीट घातली. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बाप एक लिहितो, लेक दुसरं सांगते," ते म्हणाले. "ह्यातलं आम्ही कोणतं धरावं? आणि तुझं धरलं तरी, लोक पेपर वाचत्यात, बेटी. तुला विचारायला येणार न्हाईत. परवा पोलिसांनी त्या पोराला चौकीत नेऊन दिवसभर बसवलं, हे बी आमच्या कानावर आलंय. आम्हाला इथं धंदा करायचा हाय."

यूसुफला नेल्याचं मला ठाऊक नव्हतं. पेपरात आलं म्हणून पोलीस आले, आणि पोलीस आले म्हणून पेपरातलं खरं ठरलं. मी पिशवी उचलली. खाला मागच्या दारानं रस्त्यावर आल्या आणि माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "शमीमला सांग, माझं मन न्हवतं."

मी खोलीवर गेलेच नाही, तशीच बस स्टँडवर गेले. बसभर दादांना काय बोलायचं ते जुळवत होते. घरी पोचले तर आई फोनशेजारी भिंतीला टेकून बसलेली. लातूरचा फोन येऊन गेला होता. लग्न मोडल्याचा निरोप आमच्याच घरात आला होता, कारण गल्लीत फोन आमचाच. आईनं सांगितलं, तिनंच चाचींना हाक मारून आणलं होतं. दादांच्या टेबलाशी उभ्या राहून चाचींनी तो ऐकला. "हाव. हाव. ठीक हाय," एवढंच म्हणाल्या, रिसीव्हर जागेवर ठेवला, आईला म्हणाल्या, "येते मैं," आणि पदर सावरून गल्ली ओलांडून गेल्या.

दादा बाहेरून आले तेव्हा मी सगळं बोलले. जुळवलेलं काही आठवलं नाही, रडत रडतच बोलले. बेकरीतलंही सांगितलं, मी काय म्हणाले ते. ते चिडतील असं वाटलं होतं.

"मी नाव लिहिलं न्हवतं," ते म्हणाले.

"नाव लिहायचं राहिलं होतं काय?" हे आई म्हणाली. दादांना ती इतक्या तिखट आवाजात बोललेली मी कधी ऐकली नव्हती.

दादा उठले. मग चप्पल घालून समोर गेले. मी मागं गेले. चाचांनी हातातलं काम बाजूला ठेवून त्यांना बसायला पेटी पुढं केली. कुणी आवाज चढवला नाही. दादा म्हणाले, चुकलं. उद्या खुलासा छापतो. चाचांनी मान हलवली. यूसुफ उठून बाहेर गेला. मग शमीमआपा चहा घेऊन आली. डोळे सुजलेले, पण कप नीट धरलेला. कप दादांच्या हातात देऊन ती तिथंच उभी राहिली.

"दादा, तुम्हाला मालूम नव्हतं का काय झालं ते?"

"होतं."

"मग असं का लिहिलं?"

दादांनी कप खाली ठेवला. त्यांनी सबब शोधली असती तर मला सोसलं असतं. पण त्यांच्या तोंडून खरं निघालं. "त्या दिवशी अख्ख्या शहरात दुसरं काहीच घडलं न्हवतं, बेटा."

आपा त्यांच्याकडं बघत राहिली. तिला खरंच नवल वाटलेलं दिसत होतं.

"मग तेच लिहायचं होतं की," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खुलासा आला, बनियनच्या जाहिरातीखाली, चार ओळींत. मी लातूरला परतले, तिथं मावशींनी तो मोठ्यानं वाचला नाही. त्यात वाचण्यासारखं काही नव्हतंच. लातूरचं घर परत आलं नाही. पुढच्या वर्षी आपाचं लग्न धर्माबादला झालं, मिरचीच्या व्यापारात असलेल्या घरी. ती सुखात आहे, नातवंडं आहेत, भेटलो की आम्ही खूप बोलतो. त्या फोनबद्दल आम्ही कधी बोललो नाही. चाची तहरी पाठवायच्या, पण मधली बरीच वर्षं ती डब्यातून यायची, आणि डबा आई त्याच दिवशी घासून परत करायची.

दादांनी ते पान सोडलं नाही. सोडून करणार काय होते? मात्र पेटीवाली गल्ली त्यांनी परत कधी लिहिली नाही. त्यानंतर आमच्या गल्लीत खरीखुरी भांडणं झाली, एकदा चोरीही झाली, पण पानात आमची गल्ली शांत. बाकीचं शहर होतं तसंच राहिलं. तिथले नळ, तिथल्या सायकली, तिथली पोरं, सगळं थरारक.

एका सुट्टीत मी घरी असताना सकाळी दार वाजलं. आईनं उघडलं. एक बाई होती, आमच्या ओळखीची नव्हे. डोक्यावरून पदर, हातात आदल्या संध्याकाळचा पेपर.

"इथंच राहत्यात का लिहिणारे दादा?" तिनं विचारलं. "म्हनलं, त्यास्नी सांगावं. तुमची गल्ली लिहीत न्हाईत म्हणत्यात लोक. आमची बी गाळा म्हणावं. पोरीला बघायला लोक येनार हायेत."

दादा आतल्या खोलीत सदऱ्याची बटणं लावत होते. त्यांचे हात थांबलेले मला दिसले. आईनं वळून त्यांच्याकडं बघितलं, मग परत त्या बाईकडं.

"ते घरी न्हाईत," आई म्हणाली.

"बरं. आले म्हंजी सांगा." ती पायरीवरून उतरली, पुन्हा मागं आली, आणि आपल्या गल्लीचं नाव सांगितलं. आईच्या ध्यानात राहावं म्हणून तिनं ते आणखी एकदा, सावकाश सांगितलं.